पायवाटेला कायद्यात जागा हवी

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, बंजार आणि आनी यांच्या सीमेवर जलोडी खिंड आहे. उंची तीन हजार मीटरांहून अधिक. राष्ट्रीय महामार्ग ३०५ या खिंडीतून जातो आणि तिथूनच खरसूच्या जुन्या जंगलातून एक पायवाट सरयोलसर तलावाकडे निघते. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. तलावाच्या काठी बूढी नागीण देवीचे मंदिर आहे. परिसरातील लोक तिला तूप वाहतात. तलावात पडलेले पान एक पक्षी उचलून बाहेर टाकतो आणि पाणी स्वच्छ ठेवतो, अशी श्रद्धा आहे. या वाटेवर भाविक चालतात, गुरे-मेंढ्या जातात, हौशी पदयात्री येतात. आणि अलीकडच्या काळात जाड टायरांच्या डोंगरी सायकलीही दिसू लागल्या आहेत.

या शेवटच्या पाहुण्याबद्दल आपल्या कायद्याचे काय म्हणणे आहे? शोध घेतला तर उत्तर असे मिळते की, फारसे काहीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सायकल हे मोटार वाहन नव्हे. १९२७ चा भारतीय वन कायदा राखीव वनातील विनापरवाना प्रवेश हा गुन्हा मानतो, पण पायी आणि चाकावर असा भेद करत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातील प्रवेशासाठी परवान्याची तरतूद आहे आणि त्याच्या कारणांमध्ये पर्यटनही आहे. मात्र पर्यटकाने कोणत्या वाटेने, कशाने आणि कोणत्या ऋतूत जावे हे ठरवणे प्रशासनावर सोडलेले आहे. परिणामी एका वनविभागात जे सहज चालते, ते शेजारच्या विभागात अडवले जाते. नियम नसला की अधिकाऱ्याची मर्जी हाच नियम होतो.

ही त्रुटी किरकोळ वाटेल. पण तिच्या शेजारी २०२३ ची वन संवर्धन कायद्यातील दुरुस्ती ठेवून पाहावी. या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालय, सफारी आणि व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या परिसंस्था-पर्यटन सुविधा ‘वनेतर वापरा’च्या व्याख्येतून वगळल्या. म्हणजे आराखड्यात नोंद असलेल्या पर्यटन-बांधकामाची वाट मोकळी, आणि शतकानुशतके वापरात असलेल्या पायवाटेला मात्र कायदेशीर ओळखच नाही. डोंगरात याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. ज्या वाटेची कुठे नोंद नाही, तिच्या देखभालीला निधी मिळत नाही. आणि देखभालीअभावी ती खचली की पुढची मागणी ठरलेली असते, ती म्हणजे रस्त्याची. रस्ता आला की त्यामागे वाहनतळ, खानावळी आणि प्लास्टिक येते. सरयोलसरसारखा छोटा तलाव आजवर टिकला, त्याचे एक कारण तिथे मोटार पोहोचत नाही हे आहे. म्हणूनच मला सायकलीचा प्रश्न हौसेचा वाटत नाही. तो पायवाट पायवाटच राहावी याचा प्रश्न आहे.

सायकलींना विरोध करणाऱ्यांचे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला आक्षेप जमिनीच्या धुपेचा. ओल्या मातीवर चाकाची सलग चाकोरी पडते आणि पावसाचे पाणी तिच्यातूनच वाहू लागते, हे खरे आहे. मात्र अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती मोकळी केल्याचे आढळले होते. दख्खनच्या किंवा हिमालयाच्या मातीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दोष एकट्या चाकाचा नसून वाटेचा चढ, पाण्याचा निचरा आणि ऋतू यांचाही असतो, एवढे त्यावरून समजते.

दुसरा आक्षेप वेगाचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. वळणावर समोरून पाठीवर ओझे घेतलेली वृद्ध स्त्री किंवा कळप आला तर वेगातली सायकल हे संकटच. विजेवर चालणाऱ्या सायकलींनी ही चिंता वाढवली आहे, कारण पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा वाहनांना नियम मोटार वाहन मानत नाहीत. शहरातील रस्त्यावर ही सवलत योग्य असली तरी जंगलातील पायवाटेवर ती लागू का असावी? तिसरा आक्षेप श्रद्धेचा. ज्या तलावाला गाव देवता मानते, त्याच्या काठावर चाके फिरवण्याचा हक्क कोणत्याही पर्यटकाला नाही.

या आक्षेपांवर सरसकट बंदी हे उत्तर होऊ शकत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांत, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांत, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. कुरणांची दुर्दशा खरी होती आणि न्यायालयाची चिंताही रास्त होती. पण त्या आदेशाची झळ वाटाडे आणि खेचरवाले यांच्या रोजगारालाही बसली. राज्याने वेळीच नियम केले असते, तर न्यायालयाला हे पाऊल उचलावे लागले नसते.

नियमन जमते, याची उदाहरणे देशातच आहेत. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसास्थळ आहे आणि रामसर पाणथळही. तिथे पर्यटक सायकलने किंवा सायकलरिक्षाने फिरतात आणि रिक्षाचालक पक्ष्यांची ओळख करून देतात. सिक्कीममध्ये त्सोम्गो सरोवराची निगा राखण्यासाठी स्थानिकांची ‘पोखरी संरक्षण समिती’ आहे. वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार २००६ मध्येच दिला आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने तो वापरून दाखवला. सपाट भरतपूर आणि उभे हिमाचल यांत फरक आहेच. पण यातले सूत्र सगळीकडे लागू पडावे. येणाऱ्याकडून शुल्क घ्यावे, ते तिथेच खर्च व्हावे आणि निर्णयात गावाचा आवाज असावा.

म्हणून राज्यांनी चार गोष्टी कराव्यात. प्रत्येक वनविभागाने जुन्या पायवाटांची नोंदवही तयार करून ती कार्ययोजनेला जोडावी आणि नोंदलेल्या वाटेचे रस्त्यात रूपांतर करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती अनिवार्य करावी. कोणत्या वाटेवर सायकल चालेल, कोणत्या वाटेवर नाही आणि पावसाळ्यात व बर्फ वितळताना ती कधी बंद राहील, हे फलकावर स्थानिक भाषेत लिहावे. पायी चालणारा आणि जनावर यांना नेहमी पहिला मान असावा. विजेच्या सायकलींना वेगळी परवानगी लागावी. आणि देवस्थानाच्या तलावापाशी गाव ठरवेल तिथे सायकल ठेवून पुढे पायी जावे. शेवटचे म्हणजे, २०१७ च्या पाणथळ नियमांखाली राज्यांनी छोट्या पर्वतीय तलावांचाही विचार करावा. सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या पाणथळांवर राष्ट्रीय नकाशाचा आणि न्यायालयांचा जो भर राहिला, त्यात लहान तलाव मागे पडतात.

यातील कशालाही मोठा निधी लागत नाही किंवा संसदेची नवी दुरुस्तीही लागत नाही. लागते ती एवढीच समज की, जंगलात जाणाऱ्या माणसाला आपण आजवर अतिक्रमण करणारा किंवा ग्राहक याच दोन रूपांत पाहिले. वाटेची निगा राखणारा वाटसरू हे तिसरे रूपही असते. त्याला कायद्यात जागा दिली, तर जंगलाला एक राखणदार मिळेल. नाही दिली, तर रस्त्याची मागणी करणारे आहेतच.