कादंबरी संपते तिथून पुढे

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची नोंदवही पाहिली, तर बायका दोन प्रकारची पुस्तकं सगळ्यात जास्त नेतात. मुलं कशी वाढवावीत ते सांगणारी, आणि पेशवाईतल्या प्रेमाच्या कादंबऱ्या. बहुतेकदा एकीच्याच नावावर दोन्ही असतात. या आवडीकडे पाहून नाक मुरडायची आपल्या चळवळीत थोडी सवय आहे. गेले काही महिने मी ही पुस्तकं ओळीनं वाचली. मला वाटतं, ती शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवीत.

पालकत्वाच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर ‘पालक’ असतो. आत गेलं की सगळी क्रियापदं बाईच्या वाट्याला येतात. दूध तिनं पाजायचं, गोष्ट तिनं सांगायची, चिडायचं नाही तेही तिनंच. गर्भसंस्काराच्या पुस्तकांत तर मूल जन्मायच्या आधीच तिच्या मनातल्या विचारांचा हिशेब सुरू होतो. मग पुढे मूल बिघडलं तर बोट कुणाकडे जाणार हे ठरलेलंच. बाबा येतात ते शेवटी शेवटी, बहुधा ‘मदत’ करायला. चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला परतणाऱ्या बाईनं ‘मुलाला भरपूर वेळ द्या’ हे वाचून नेमकं काय करायचं? पाळणाघराची गोष्ट ही पुस्तकं क्वचितच काढतात. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असं कायदा २०१७ पासून सांगतो. पण घरकाम करणारीची आस्थापना कुठली?

सगळीच पुस्तकं अशी नाहीत. ताराबाई मोडक, शोभा भागवत यांचं लेखन किंवा १९८७ साली सुरू झालेलं ‘पालकनीती’ मासिक यांची वाट वेगळी आहे. पण आमच्या फळीवर त्यांच्यापेक्षा ‘यशस्वी मूल’ घडवणारीच जास्त.

एवढी जबाबदारी जिच्यावर, तिचा अधिकार किती? हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्यातलं कलम ६ नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचं नाव घेतं आणि त्याच्यानंतर आईचं. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या ‘नंतर’चा अर्थ सैल केला. बाप हयात असूनही मुलाकडे लक्ष देत नसेल, तर आई पालक ठरू शकते. कलमाचे शब्द मात्र तेच राहिले. समुपदेशनाला येणाऱ्या बायका पालकत्वावरची पुस्तकं वाचून आलेल्या असतात, त्यांना हे कलम कुणी सांगितलेलं नसतं.

आता कादंबऱ्या. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची. तीन पिढ्या बायका ती वाचताहेत, आणि का ते मला कळतं. तिथं कुणाला डबा भरायचा नसतो. कुणीतरी एका बाईला तिच्यासाठी म्हणून हवंसं मानतं, वाट पाहतं, तिच्यापायी जगाशी भांडतं. दुपारच्या अर्ध्या तासात एवढं मिळत असेल तर त्यात वाईट काय? मला खटकतं ते त्या प्रेमाची किंमत कोण देतं ते. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. १९८७ साली देवराळ्यात रूपकुंवर जळाली तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध कायदा झाला; थेऊरचा घाट मात्र आपण अजून पदरानं डोळे पुसत वाचतो.

या कादंबऱ्यांत आई असते, पण राजकारणात स्वतःचं मत असणारी गोपिकाबाई वाचकाला नकोशी होते. दुसरीकडे पालकत्वाची पुस्तकं जिजाऊंचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाहीत. त्यांना जिजाऊ हव्यात त्या रामायण-महाभारत सांगणाऱ्या. १६६६ साली शिवाजीराजे आग्र्याला असताना राज्याचा कारभार पाहणाऱ्या जिजाऊ त्या पानांवर येत नाहीत.

माझं मन अडकलं ते काशीबाईपाशी. बाजीराव-मस्तानीची गोष्ट आपल्या मनात १७४० साली संपते. एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानीही गेली. २०१५ च्या सिनेमातही तिथंच पडदा पडतो. पण त्यांचा मुलगा समशेर बहाद्दर तेव्हा सहा वर्षांचा होता. पुण्याच्या ब्रह्मवृंदानं त्याची मुंज नाकारलेली. काशीबाईचा राघोबाही १७३४ सालचाच, म्हणजे त्याच वयाचा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सवतीचं हे पोर काशीबाईनं सांभाळलं. पुढे तो मराठ्यांच्या फौजेत लढला आणि १७६१ साली पानिपतात जखमी होऊन गेला.

म्हणजे प्रेमकथा मिटते तिथं मूल वाढवायचं काम उरतं, आणि ते तिसऱ्याच बाईच्या अंगावर येतं. तिनं ते मायेनं केलं, कर्तव्य म्हणून केलं, की दुसरा इलाजच नव्हता म्हणून केलं? सवतीच्या मुलाला जेवू घालताना तिच्या मनात काय येत असेल? यावर कादंबरी कुणी फारशी लिहीत नाही, कारण त्यात प्रणय नाही. पालकत्वाचं पुस्तकही तिचं नाव घेत नाही, कारण त्याला जिजाऊ पुरतात. आमच्या गटात मात्र सवतीची, दिराची, मेलेल्या बहिणीची मुलं वाढवणाऱ्या निदान चारजणी आहेत. काशीबाईचा विषय निघाला त्या दिवशी घरी जायला कुणी उठेना.

पुढच्या महिन्यापासून आम्ही ‘राऊ’ आणि पालकत्वाचं एक पुस्तक आलटून पालटून मोठ्यानं वाचणार आहोत. मध्ये थांबून एकच विचारायचं: या पानावर मूल कुणाजवळ आहे? तुमच्या गटात असं काही वाचलं गेलं असेल तर जरूर कळवा.