टाकीत उतरणार कोण?

दोस्तांनो, आपण शहरातली पोरं. घाण म्हणजे काय हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. माझ्या बापाची हयात गटारात गेली. संध्याकाळी दोनदा अंघोळ करायचा, तरी आम्हा पोरांना जवळ घ्यायचा नाही. म्हणून डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर संडास-सांडपाण्याची गोष्ट निघाली तेव्हा माझे कान टवकारले.

पाड्यावर गेलो. झोपडीमागं संडास. दाराला रंग, आत लाकूडफाटा नि कोंबड्या. सरकारनं कुटुंबामागं १२ हजार दिले, २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. एक वारली म्हातारी मला म्हणाली, "दादा, डोक्यावरून पाणी आणायचं नि संडासात ओतायचं?" द्या उत्तर! ह्याच पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणाचं पाणी नळानं वसई-विरारला जातं. पाणी शहराला, रंगवलेलं दार पाड्याला. वा रे विकास!

पण माझं खरं भांडण पुढंच आहे. आता जो तो म्हणतो, सिमेंटची टाकी बांधा, पक्कं काम. पक्कं कसलं? टाकीत गाळ खाली बसतो, वरचं काळं पाणी ओढ्यात जातं. तीन-पाच वर्षांत टाकी भरते. मग? पाड्याच्या वाटेवर टँकर शिरत नाही. मग शहरातून माणूस आणायचा. तो माणूस कोणत्या जातीचा, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आत विषारी वायू. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो.

कायदे आहेत. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या म्हणून सांगितलं. मेल्यावर ३० लाख, जिवंतपणी धड हातमोजा नाही!

पाड्यावर मैला उचलणारी जात कधी नव्हती. ही टाकी ती जात तिथं नेऊन बसवणार. इंजिनियरच्या कागदावरची ती साधी रेघ नाही, ती मनुस्मृतीची ओळ आहे.

दुसरा रस्ता आहे, आणि तो स्वस्त आहे. दोन खड्डे. एक भरला की नळी दुसऱ्याकडं वळवायची. पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा. मैल्याची माती होते, वास जातो, शेतात खत म्हणून घालता येते. २०१७ साली तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्र सरकारचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले, खत हातानं बाहेर काढलं. साहेब उतरू शकतो तो खड्डा बांधा. साहेब ज्यात उतरणार नाही ती टाकी आम्हाला नको!

कुणी म्हणेल, डहाणूच्या किनाऱ्याला पावसाळ्यात पाणी वर येतं, खड्डे बुडतात. खरंय. तिथं खड्डे उथळ करा, जमिनीवर उचलून बांधा, विहिरीपासून लांब ठेवा. मोरीचं, भांड्यांचं पाणी त्यात सोडूच नका. त्याला खडी-वाळूची चर काढा, कर्दळ लावा, केळी लावा, अळू लावा. मुळं पाणी निवळतात. हापशाभोवतीचं डबकं गेलं की डासही कमी.

पैसा नाही, असं सांगू नका. २०२१ ते २६ च्या पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के पैसा पाणी नि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. तो कुठं मुरला, हे ग्रामसभेत विचारा. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला बळ देतो. कंत्राटदाराला देत नाही.

काही मित्र म्हणतात, आदिवासींचा प्रश्न आपला कसा? अरे, १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं 'दलित' शब्दात आदिवासी घातलेत, ते काय शोभेला? १९२७ साली महाडला आपण पाण्याला हात लावला. १९४५ साली ह्याच तलासरी-डहाणूत वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, गोळ्या खाल्ल्या. पाणी आणि वेठ, दोन्ही प्रश्न आज त्या एका टाकीत साचलेत.

म्हणून चला पाड्यावर. भाषण द्यायला नको, फावडं घेऊन. आणि टाकीचा नकाशा घेऊन कुणी आला की एकच विचारा : उतरणार कोण?