जुन्या पिक-अपमधील ऊब आणि गारवा

परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींचीं पत्रें आम्हांस अधूनमधून येतात. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत राहणाऱ्या एका भगिनींनीं विचारिलें आहे कीं, यजमानांची पंचवीस वर्षांहून जुनी पिक-अप मोटार चढावर लागली म्हणजे पायांवर येणारी ऊन हवा एकाएकीं समोरच्या कांचेकडे वळते. कारागिरानें हीटर-कोअर बदलावयास सांगितला आहे. तर एवढा खर्च करावा, कीं गाडीच मोडींत काढावी? आमचें उत्तर असें कीं, तूर्त दोहोंपैकीं कांहींच करूं नये.

ऊब देणारें व गारवा देणारें अशीं दोन स्वतंत्र यंत्रें मोटारींत असतात, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः डॅशबोर्डच्या आंत पेटी एकच. एंजिनाची उष्णता घेऊन आलेलें कूलंट ज्या चिमुकल्या रेडिएटरांतून फिरतें तो हीटर-कोअर, आणि ज्यांत शीतक वायु हवेंतील उष्णता शोषून घेतो तो इव्हॅपोरेटर, हे दोन्ही तींतच बसविलेले असतात. एकच पंखा हवा ढकलतो. तिनें कोणत्या वाटेनें जावें हें आंतील झडपा ठरवितात. फोर्ड एफ-१५० सारख्या १९९० च्या दशकांतील कित्येक पिक-अपमध्यें वाट बदलणाऱ्या या झडपा एंजिनाच्या निर्वात ओढीनें हालतात. ही ओढ नाहींशी झाली कीं झडपा आपोआप कांचेच्या बाजूस येऊन राहतात. योजकाची ही दूरदृष्टि आम्हांस फार आवडते. यंत्र बिघडलें तरी कांचेवरील धुकें निवळावें आणि चालविणाऱ्यास रस्ता दिसावा, हा तींतील हेतु.

चढावर एंजिनास जोर लावावा लागतो, व तेवढा वेळ निर्वात ओढ मंदावते. त्या वेळेपुरती शिल्लक असावी म्हणून एक लहान डबा व एकेरी झडप ठेविलेली असते. डब्यास चीर पडली, अथवा त्याची रबरी नळी एंजिनाच्या आंचेनें तडकली, म्हणजे शिल्लक उरत नाहीं आणि हवा वाट सोडते. कांचेकडे वळलेली हवा ऊनच असते, असें भगिनी स्वतःच लिहितात. मग हीटर-कोअरचा अपराध कोणता? तो बदलावयाचा तर बहुतेक गाड्यांत सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नळीचा तुकडा त्या मानानें अगदींच स्वस्त. कारागिरावर अविश्वास दाखवा असें आमचें म्हणणें नाहीं; नळ्या आधीं पाहण्यास सांगावें, इतकेंच.

हवा मुळीं तापतच नसेल तर गोष्ट निराळी. एंजिन चांगलें तापवून बंद करावें, आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांस जपून हात लावावा. दोन्ही कोमट लागल्या तर कूलंट कमी असेल किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिला असेल. एक कढत व दुसरी गार असेल तर कोअर चोंदला असावा. तो आधीं धुऊन पाहावा. दोन्ही कढत असून हवा थंडच येत असेल, तर ऊन-गार हवा मिसळणारी झडप अडकली म्हणून समजावें. गाडींत गोडसर वास येऊन कांचेवर चिकट थर बसूं लागला, तर मात्र कोअर गळतो आहे. तेथें खर्चास इलाज नाहीं. कूलंट पाहण्याच्या घाईंत तापलेल्या रेडिएटरचें झांकण कोणीहि उघडूं नये. उसळलेल्या वाफेनें हात व तोंड भाजतें.

पंखा केवळ शेवटच्या वेगावरच फिरत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो.

गारव्याविषयीं थोडेंच. शीतक वायु पेट्रोलप्रमाणें खर्च होत नसतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठें तरी गळती आहे. कॉम्प्रेसर क्षणाक्षणास सुरू होऊन बंद पडणें हें तिचें नेहमींचें लक्षण. गळती न शोधतां दर उन्हाळ्यांत डबा ओतीत राहणें म्हणजे पैसे हवेंत सोडणें होय. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या गाड्यांत आर-१२ वायु असे. ओझोनच्या थरास तो घातक ठरला, १९८७ सालीं माँट्रियलचा करार झाला, आणि पुढें गाड्यांत आर-१३४ए आला. दोहोंचें तेल वेगळें. म्हणून एकांत दुसरा मिसळूं नये. वायु मुद्दाम बाहेर सोडणें अमेरिकेंत कायद्यानें निषिद्ध आहे.

उन्हाळ्यांत गाडीखालीं स्वच्छ पाणी ठिबकतें तें हवेंतील बाष्पाचें. त्याची काळजी नको. तेंच आंत पायांखालीं सांचूं लागलें, तर पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचें तोंड पाल्याकचऱ्यानें बुजलें असेल; तें मोकळें करावें.