पदकाची हौस, ताटाची कंजुषी

मुलींच्या पळण्याला नाके मुरडणारे आजोबा आता नातीचे पदक दिवाणखान्यात टांगतात, याचा मला आनंदच आहे. माझे भांडण आजोबांशी नाही. ते आहे मुलीला पळवणाऱ्या, पण पोटभर खाऊ न घालणाऱ्या हौशी मंडळींशी. मग ते क्रीडाशिक्षक असोत की आईबाप.

पहाटे पाचला चहाच्या घोटावर निघालेली मुलगी आठ-दहा किलोमीटर पळते, तशीच शाळेत येते आणि डब्यातली पोळी अर्धी टाकते; कारण 'वजन उतरले की वेळ सुधारेल' असे कोणी तरी तिच्या मनात भरवलेले असते. संध्याकाळी पुन्हा सराव. काही महिन्यांनी तिची पाळी बंद होते. आणि येथेच आमच्या शहाणपणाची कमाल होते! 'मेहनत अंगी लागली' म्हणून मैदानावर समाधान मानतात, मुलीला कटकट गेल्यासारखे वाटते, आई संकोचाने गप्प बसते. (दिवाळी अंकात हा विषय पाहून कोणाच्या भुवया उंचावल्या, तर खुशाल उंचावोत.)

अहो, ही मेहनतीची पावती नव्हे, हे शरीराचे दिवाळे आहे! खर्च वाढून आवक घटली, की शरीर आधी प्रजननाचा खर्च थांबवते. ईस्ट्रोजेन घटते आणि ज्या वयात हाडांत भर पडायची, त्याच वयात ती कमकुवत होऊ लागतात. मग नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. घरचे हळदीचा लेप लावून मुलीला पुन्हा मैदानावर धाडतात. मुद्दाम उपास केलाच पाहिजे असेही नाही. जेवण तेवढेच ठेवून सराव दुप्पट केला, तरी तूट पडतेच. अमेरिकेतील तज्ज्ञांनी हे त्रिकूट १९९२ मध्ये ओळखले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून पुरुषांनाही त्यात घेतले.

मेरी केन ही अमेरिकन मुलगी २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत धावली. वजन आणखी उतरव, असा पुढे तिच्यामागे लकडा लागला. तीन वर्षे पाळी नाही, पाच हाडे मोडलेली, हे तिने २०१९ मध्ये स्वतःच जगाला सांगितले. ही सुबत्तेच्या देशातली गोष्ट! आमच्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरांतल्या एकोणसाठ मुली रक्तक्षयी आढळल्या. विनेश फोगाट २०२४ मध्ये पॅरिसला शंभर ग्रॅमने बाद झाली, तेव्हा सारा देश त्या शंभर ग्रॅमवर हळहळला. पूर्वी ५३ किलो गटात लढणाऱ्या बाईला ५० किलोंत बसवताना शरीराचे किती पिळून काढावे लागते, हे विचारणारे थोडेच.

सलग तीन महिने पाळी चुकली, तर डॉक्टर गाठावा. नुसत्या गोळ्यांनी पाळी आणली म्हणजे हाडे सावरली असे नव्हे. खाणे वाढवावे लागते, सराव आवरावा लागतो. मग स्पर्धा हुकली तर हुकू द्या.

'खुराकाला पैसा कोठला?' असे क्रीडामंडळे विचारतील. का हो, बक्षीससमारंभात पाहुण्यांना शाली, हारतुरे आणि दोन-दोन फूट उंचीचे चषक येतात, ते फुकट का? त्याच पैशांत वर्षभर अंडी, केळी आणि शेंगदाण्याचे लाडू येतील. पाहुण्यांना एक वर्ष नुसता नमस्कार करून पाहा!