कणसं मोजणं सोपं असतं

एस्टिमेट देणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. "हे मोड्यूल किती दिवसांत होईल?" असं विचारलं की मी "तीन आठवडे" म्हणतो, मग पाच लागतात, एक-दोन वीकांत बुडतात आणि जग चालू राहतं. त्यामुळे मागच्या खरिपात सिल्लोडच्या मामांनी "भाचेबुवा, तीन एकरात मका किती होईल, काढा बरं हिशोब," असं म्हटल्यावर मला जरा जास्तच चेव आला.

पद्धत खरंच सोपी आहे. एकराचा हजारावा भाग म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस चौरस फूट. दोन ओळींत दोन फूट अंतर असेल तर एका ओळीचे २१ फूट ९ इंच मोजायचे, की झाला हजारावा भाग. तेवढ्यातली भरलेली कणसं मोजायची. मग काही कणसं सोलून दाण्यांच्या उभ्या रांगा आणि एका रांगेतले दाणे मोजायचे. (गंमत म्हणजे या रांगा जवळपास नेहमी सम संख्येत असतात, १४ नाहीतर १६. मका खाताना मोजून बघा!) मला २८ कणसं मिळाली, १४ रांगा, रांगेत सरासरी ३२ दाणे. गुणाकार १२,५४४ दाणे. हजार दाण्यांचं वजन २८० ग्रॅम धरलं, की साडेतीन किलो. गुणिले हजार, म्हणजे एकरी ३५ क्विंटल. तीन एकरात १०५!

मोबाईलवर एक्सेलमध्ये टाकून मामांना दाखवलं. मामी म्हणाल्या, "पोरगं शिकलेलं आहे." मामांनी त्या आकड्याच्या भरवशावर आडत्याला शंभर क्विंटलचा शब्द दिला, उचल घेतली आणि बी-खताची उधारी फेडून टाकली.

मका निघाला ७९ क्विंटल.

फोनवर मामा चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, "कणसं कुठली मोजली होती तुम्ही?"

कुठली म्हणजे? गाडी लावली तिथली. रस्त्याकडेच्या बांधाला लागून तीन ठिकाणी. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून आत गेलोच नाही. कडेच्या ताटांना ऊन जास्त आणि शेजार कमी, म्हणून त्यांची कणसं टपोरी असतात. आणि शेताच्या मधल्या खोलगट भागात ऑगस्टमध्ये पाणी साचलं होतं. मक्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, तिथली कणसं अर्धवट भरली. सोलायला कणसं निवडतानाही माझा हात आपोआप चांगल्याकडेच गेला असणार.

दुसरी चूक वजनाची. दाण्यांची संख्या आधी ठरते, वजन सगळ्यात शेवटी. मी मोजलं तेव्हा दाणा दुधात होता. दाण्याच्या बुडाशी काळा थर येईपर्यंत वजन भरत राहतं. तेच दाणे, पण हजाराचं वजन २२० ग्रॅम धरलं तर १०५ चे ८३ होतात. म्हणजे खरं उत्तर "८३ ते १०५, तेही सगळं शेत या तुकड्यासारखं असेल तर" असं होतं. मी फक्त १०५ सांगितलं, कारण तो ऐकायला बरा वाटत होता.

नंतर वाचताना कळलं, की या चुकीवर आपल्याच एका माणसाने जगाला शहाणं केलंय. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. त्यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की पीक कापणीसाठी फार छोटे तुकडे घेतले तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण मोजणारा माणूस कडेवरची ताटं आत ओढतो. लबाडी नसते, माणसाचा स्वभावच तो.

म्हणून सरकारी पीक कापणी प्रयोगात शेत आणि शेतातली जागा यादृच्छिक आकड्यांवरून आधी ठरवायची असते. मग तिथे पाणी साचलेलं असो की सोनं पिकलेलं. आपल्याकडे पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते आणि ती सरासरी अशा मोजक्या तुकड्यांवरून निघते. तुकडा चांगल्या जागी सरकला, तर ज्यांचं बुडालं त्यांच्या हाती काही लागत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की भरपाई किती मिळाली यावर नंतर भांडण्यापेक्षा दोरी कुठे टाकली जाते हे गावाने उभं राहून बघावं. उपग्रह, ड्रोन येऊ देत. त्यांचे आकडेही शेवटी जमिनीवरच्या मोजणीशीच ताडून बघावे लागतात.

मामांनी उरलेली उचल उन्हाळ्यात फेडली. त्यापायी विहिरीवरची नवी मोटर एक वर्ष पुढे गेली. माझ्या ऑफिसातल्या एकाही चुकलेल्या एस्टिमेटने कुणाची मोटर अडवली नव्हती. की अडवली असेल, आणि मला कधी कळलंच नाही?

असो. यंदा परत जाणार आहे. जागा पुण्यातूनच चिठ्ठ्या टाकून ठरवणार, आणि गमबूट घेतलेत :)