एका किलोमीटरचं वर्तुळ

आज २६ जून. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात लक्ष्मी-विलास पॅलेसवर सकाळपासून रीघ लागेल. १८७४ साली याच वास्तूत शाहू महाराजांचा जन्म झाला. शाळाशाळांची मुलं महाराजांच्या पुतळ्यासमोर रांगेनं उभी राहतील. महापालिकेच्या शाळेतली असतील, तशी टाय लावलेली खासगी शाळांतलीही असतील. उद्या मात्र ती पुन्हा वेगवेगळ्या फाटकांतून आत जातील. जयंतीच्या दिवशी बोलायला हवं ते या फाटकांविषयी.

खासगी शाळांतल्या आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या, राखीव जागांचे अर्ज भरायच्या दिवसांत बावड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात एक माउली बसली होती. मांडीवर सहा वर्षांचा मुलगा, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. दुकानातला पोरगा नकाशावरचा फुगा माउसनं सरकवत होता. "ताई, घर नेमकं कुठं? मारुतीच्या देवळाच्या अलीकडं का पलीकडं?" ती पडद्याकडं बघतच राहिली. गल्ली रोजच्या पायाखालची, पण वरून दिसणारी ती गल्ली तिला ओळखू येईना. फुगा बोटभर सरकला की हवी ती शाळा एक किलोमीटरच्या आत येते, उलटा सरकला की बाहेर जाते. प्रवेशाच्या सोडतीत आधी विचार होतो तो आतल्या मुलांचा; एक ते तीन किलोमीटरवाल्यांचा त्यानंतर. पुढचा प्रश्न भाडेकराराचा, तोही नोंदणी केलेलाच हवा. तिच्याकडं होतं खोलीमालकानं वहीच्या पानावर लिहून दिलेलं चार ओळींचं पत्र. पत्ता खरा होता. तिचं राहणं खरं होतं. कागद तेवढा चालणारा नव्हता.

हा किलोमीटर मुळात कुणाला अडवण्यासाठी आखलेलाच नाही. पहिलीतलं पोर दप्तर घेऊन किती चालेल, याचा तो हिशेब. तेवढ्या अंतरात शाळा उभी करण्याची जबाबदारी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारवर टाकली. त्याच कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांनाही सांगितलं, की प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा शेजारच्या दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्या. मुलाच्या बाजूनं काढलेलं ते वर्तुळ होतं.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं तेच वर्तुळ उलटं फिरवलं. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा नियम आला. शहरात अशी शाळा कुठं नसते? पालकांनी अर्ज उघडले, तर यादीतून इंग्रजी माध्यमाच्या शाळा जवळजवळ नाहीशाच झालेल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो नियम घटनाबाह्य ठरवून रद्दच केला. पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. मोठ्यांच्या वादात महिना फार नसतो. पहिलीतल्या मुलाचा महिना मात्र फार मोठा असतो.

संस्थाचालकांचं एक गाऱ्हाणं खरं आहे. या मुलांच्या शुल्काची सरकारकडून येणारी रक्कम वर्षानुवर्षं थकते. सरकारनं ती वेळेत द्यायलाच हवी. पण उधारी सरकारची आणि दार बंद मुलाला, हा न्याय कुठला? प्रवेश मागायला गेलं की शाळांकडून येणारं "पट भरला, तुकडी वाढवता येत नाही" हे उत्तरही सगळ्यांना सारखं मिळत नाही, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा.

"शेजारी महापालिकेची शाळा आहे ना, मग खासगीचा हट्ट कशाला?" असंही विचारलं जातं. महापालिकेची शाळा कमी प्रतीची असते असं आम्ही म्हणणार नाही. याच शहरात जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांग लावतात. तशा शाळा पेठापेठांत व्हाव्यात, बावड्यातही व्हाव्यात. तरीही २५ टक्क्यांचा प्रश्न उरतोच, कारण तो शाळा जवळ असण्यापुरता नाही. एका बाकावर कोण कोणाशेजारी बसणार, याचा तो आहे.

आणि तो प्रश्न शाहू महाराजांच्या करवीर संस्थानानं शंभर वर्षांपूर्वीच सोडवायला घेतला होता. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दोनच वर्षांनी त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुलं सगळ्यांच्या शाळांत घ्यायला लावली. वेगळी शाळा जवळ होती, चालू होती; तरीही ती बंद केली. खेड्यातल्या पोराचं शहरात घर नाही, तर त्याच्यासाठी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. पत्ता नाही म्हणून त्याला परत पाठवलं नाही, पत्ताच दिला.

आज महापालिकेला एवढं तरी करता येईल. अर्जांच्या दिवसांत प्रत्येक प्रभागात एक टेबल लावावं, नकाशावर घर दाखवायला माणूस बसवावा, भाडेकराराच्या नोंदणीचा खर्च उचलावा. बावड्यातली ती माउली त्या दुपारी अर्ज अर्धा ठेवूनच उठली. मालकाला पुन्हा एकदा विचारून बघते म्हणाली. मुलानं जाता जाता पडद्यावरच्या फुग्याला बोट लावलं आणि विचारलं, "आई, हे आपलं घर?"