एकाच इंजिनावर वेब चालू देणार नाही

गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला, हा जाहीर इशारा तुम्हा चौघांना आहे. मराठी वेबसाइट बांधून पोट भरणारे आम्ही लोक तो देत आहोत.

एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी काम वाटून घ्यावं का? घ्यावंच. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र पाहा. क्रोम असो वा फायरफॉक्स, तो नीट जुळून येतो, कारण अक्षरजुळणीसाठी दोघंही हार्फबझ ही एकच मुक्त लायब्ररी वापरतात. तिथे एक चूक सुधारली की दोन्हीकडे सुधारते. ब्राउझर बदलला म्हणून सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होत नाही. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या चाचण्याही सामाईक आहेत आणि २०२२ पासून इंटरऑप उपक्रमात तुम्ही चौघं त्यांच्याच आधारे ब्राउझरांमधल्या तफावती दूर करत आलात. हे काम वाढवा. त्यात माणसं घाला, पैसा घाला.

पण सहकार्याच्या नावाखाली स्वतःचं इंजिन, म्हणजे पान उलगडून दाखवणारा ब्राउझरचा गाभा, मोडीत काढणं आम्हाला मान्य नाही. ऑपेराने २०१३ मध्ये आपलं प्रेस्टो इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये आपला एज ब्राउझर क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर, नेत असल्याचं जाहीर केलं. आता मोठी इंजिनं तीनच उरली: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. त्यातलं ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालेलं, म्हणजे वेगळ्या घराण्याचं एकटं गेको. ते सांभाळणारी मोझिला जगते मुख्यतः गूगलकडून येणाऱ्या सर्चच्या पैशावर, आणि २०२० मध्ये तिने सुमारे २५० लोकांना घरी पाठवलं. याला आम्ही स्पर्धा म्हणायची?

एकाच ब्राउझरची सद्दी आम्ही भोगली आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. तगडा स्पर्धकच नव्हता, मग घाई कोणाला? आपल्याकडची कित्येक सरकारी पोर्टलं तर त्यानंतरही वर्षानुवर्षं त्याच ब्राउझरवर अडून बसली होती आणि साधा अर्ज भरायला लोकांना दुसऱ्याचा संगणक शोधावा लागायचा.

तेव्हा गूगलने इतरांचे आक्षेप डावलून नव्या सोयी आधी क्रोममध्ये घुसवणं आणि मग त्यांनाच मानक म्हणणं थांबवावं. ॲपलने वेबकिटखेरीज दुसऱ्या इंजिनांना युरोपीय संघात मार्च २०२४ मध्ये दार उघडलं, तसं भारतातल्या आयफोनवरही उघडावं. मायक्रोसॉफ्टने सामाईक चाचण्यांचा भार उचलावा. मोझिलाने काहीही झालं तरी गेको सोडू नये.

मुदत येत्या गुढीपाडव्यापर्यंत. तोवर हे झालं नाही, तर फक्त क्रोममध्ये चालणारी एकही सोय आमच्या पानांवर दिसणार नाही. प्रत्येक काम आधी फायरफॉक्समध्ये तपासलं जाईल, मगच ग्राहकाच्या हाती पडेल. आणि भारतीय स्पर्धा आयोगाकडे आमची लेखी तक्रार दाखल होईल. याच आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि त्या आदेशात क्रोमचंही नाव आहे.